कुत्र्याच्या खाटेचं भाडं

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे लिखाण जास्त करून थोरलीसाठी आहे, पण तिला वाचून दाखवायचं काम धाकट्याचं. मधली वाक्यं गाळू नकोस, तिला लगेच कळतं.

गेल्या रविवारी थोरलीने फोनवर ती प्रवासात उतरली त्या हॉटेलची हकीकत सांगितली. काउंटरवरच्या माणसाने तिच्या कुत्रीचे वेगळे पैसे मागितले. ही हौसेची कुत्री नाही, मला दिसत नाही, हिच्या आधाराने मी चालते, हिचे पैसे घेता येत नाहीत असा नियम आहे, हे तिने त्याला समजावलं, मग त्याच्या वरच्या माणसाला बोलावून घेतलं आणि जादा पैसे न देता खोली मिळवली. हे सगळं सांगून झाल्यावर तिने मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी तिकडे कोणी असं भांडलं असतं का?" मी "भांडलं होतं ना" म्हणाले आणि फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात.

ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. मधे मधे "हॅलो, ऐकू येतंय का" आलं की माझा क्रम चुकतो, म्हणून लिहायला बसले. शिवाय हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांपैकी आता मी एकटीच आहे आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन पुसदला आले. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे तुमच्या पणजोबांचं, बसस्टँडजवळ लॉजिंग-बोर्डिंग होतं. खाली गल्ला आणि जेवणाची खोली, वर उतारूंच्या खोल्या, मागे आड आणि गाडीवाल्यांच्या बैलांसाठी गोठा. तुमचे आजोबा शाळेत शिकवायचे, त्यामुळे लॉजच्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. दारातली दरांची पाटी मीच रंगवली होती, वर मराठी आणि खाली इंग्रजी. इंग्रजी वाचणारा उतारू महिन्यातून एखादाच यायचा, पण मामाजींना ती ओळ हवी होती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे.

मामाजींचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. पाटीवर असेल तेच घ्यायचं आणि जे घेतलं त्याच्या बदल्यात वस्तू द्यायचीच. उतारूने आंघोळीच्या गरम पाण्याचे पैसे दिले आणि पाणी कोमट निघालं, तर ते बंब पुन्हा पेटवायला लावायचे. उतारू नको नको म्हणत असला तरी. दुसरा नियम जेवणाचा. सगळे उतारू जेवून उठल्याशिवाय मालक पाटावर बसत नसे. त्यांच्या वडिलांपासूनची ती रीत होती आणि त्यामुळे मामाजींचं दुपारचं जेवण नेहमी तीनच्या पुढे जायचं.

कापसाचा हंगाम होता. दुपारची बस येऊन गेली होती. मी गल्ल्यामागे वही लिहीत होते. दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीच्या आतला, अंगात जुना खाकी कोट, पाठीवर वेताच्या मोळ्यांचं ओझं. डोळे मिटलेले, आणि एका गालावर कानापर्यंत भाजल्याचा डाग. त्याच्या डाव्या गुडघ्याला खेटून एक उंच, काटक, तपकिरी कुत्रा होता. कुत्र्याच्या छातीला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावर वेताची ताठ कमान बसवलेली. ती कमान त्या माणसाच्या मुठीत होती. उंबरठ्यापाशी कुत्रा थांबला. माणसाने पायाने उंबरठा चाचपला, ओलांडला आणि सरळ गल्ल्यासमोर येऊन उभा राहिला.

"मालक, जागा हाये का? आठ दिस राहाचं हाये. कचेरीतल्या खुर्च्या विनाले आलो."

"आहे की," मामाजी म्हणाले. "सूनबाई, लिहून घ्या."

मी नाव, गाव, धंदा विचारून लिहून घेतलं. तेव्हा जातीचाही रकाना असायचा.

"बौद्ध," तो म्हणाला.

त्यांनी धर्म बदलल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि हा शब्द ऐकला की आमच्याकडची माणसं क्षणभर गप्प व्हायची. मामाजीही झाले. जातीवरून कोणाला लॉजमध्ये अडवायचं नाही, असा कायदा झाला होता आणि कायदा मोडणाऱ्यांतले मामाजी नव्हते. पण सासूबाईंचा स्वयंपाक सोवळ्यातला होता, उतारूंची पंगत होती, गावात उद्या काय बोलतील ते होतं. त्यांची नजर खाली कुत्र्यावर गेली.

"कुत्रं नाही चालत बाप्पा इथं."

"तो खोलीतच राहीन, मालक. कोनाले त्रास नाही देत."

"मागं गोठा आहे. तिथं बांधा. चारा-पाण्याची सोय आहे." बैलांसाठी म्हणायचं ते वाक्य सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. "चारा नाही खात तो. अन् त्याले बांधलं तं मलेच बांधलं. मंग जिना कोन दाखोन मले? कचेरीत कोन नेईन?"

"मग त्याचं भाडं पडेल. माणसाइतकं." एवढं ऐकल्यावर तो दुसरीकडे जागा पाहील, असा मामाजींचा हिशेब असणार.

तो माझा आवाज जिकडून आला होता तिकडे वळून म्हणाला, "बाई, दाराशी दराची पाटी हाये म्हन्तेत. मले वाचून दाखवता का?"

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. एक खाट, दोन खाटा, साधं जेवण, गोडाचं जेवण, गरम पाणी, बैलजोडी.

"यात कुत्रं नाही आलं," तो म्हणाला.

आमच्या घरात कोणी असा कचाट्यात सापडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आपल्याच नियमाने मामाजी अडकले होते. त्यांचे कान लाल झाले. "सूनबाई, रंग आणा. शेवटी ओळ लिहा. कुत्रा, एक खाट."

मी रंग आणला आणि लिहिलं. ओल्या रंगाचा वास त्याला आला असावा, कारण माझं लिहून होईपर्यंत तो थांबला. मग कोटाच्या आतल्या खिशातून पैसे काढून त्याने दोघांचं एका दिवसाचं भाडं गल्ल्यावर ठेवलं. "आता खाट द्या त्याची."

"कोणाची?"

"त्याची. भाडं घेतलं ना?"

भाडं घेतलं होतं. त्यामुळे वर त्याच्या खोलीत दुसरी खाट गेली, तिच्यावर धुतलेली चादर आणि उशीसुद्धा. उशी ठेवताना गड्याने विचारलं, "मालक, उशी खरंच ठेवू?" मामाजी खेकसले, "इतर खाटांवर असते ना? मग ठेव!"

एवढ्यात सासूबाई भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. मुक्या जनावराला काही दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी तुकडा कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने तुकड्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागला.

"काहून खाऊन नाही राह्यला हा? बिमार आहे का?"

"कामावर हाये तो, माय." त्याने कमान सोडवून हातात घेतली. "खा गड्या."

कमान सुटताच ते जनावर एकदम बदललं. अंग झाडलं, शेपटी हलवली, तुकडा एका घासात गट्ट केला आणि सासूबाईंचा हातही चाटायला गेला. त्यांनी हात मागे घेतला, पण मोठ्याने हसल्या. "पाहा, कामावर असताना तोंड हलवत नाही. आपला आचारी पाहा, भाजी खाली उतरेपर्यंत अर्धी पोटात." आतून आचारी म्हणाला, "ऐकून राह्यलो मी, काकू."

त्या संध्याकाळी मामाजींनी त्याचं ताट वर खोलीत पाठवलं. खाली पंगत बसली होती. नेरचा एक कापसाचा दलाल दर हंगामात आमच्याकडे उतरायचा, जिभेचा फार मोकळा. तो पाटावर बसता बसता म्हणाला, "काकाजी, वरच्या खोलीत कुत्र्यासाठी खाट टाकली म्हणे. माझ्या खाटेची नवार मागच्या साली तुटली, ती अजून तशीच आहे. आता मी पट्टा बांधून येऊ का?" सगळे हसले. मामाजी वाढप्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी चादरी गोळा करून खाली आला. कुत्र्याच्या खाटेची चादर जशी घातली तशी होती, एक चुणी नाही. कुत्रा आपल्या माणसाच्या खाटेखाली फरशीवर झोपला होता. मामाजींनी चादर हातात घेतली, उलटीपालटी केली आणि गल्ल्यातून कुत्र्याचं भाडं काढून मुठीत धरलं. वस्तू वापरली गेली नाही, तर पैसे ठेवून घेणं त्यांना जमणारच नव्हतं. तो जिना उतरून आला तेव्हा ते म्हणाले, "हे घ्या. तुमचा कुत्रा खाटेवर झोपलाच नाही."

तो कमान धरून उभा होता. हात पुढे केला नाही.

"पैसे राहू द्या, मालक. एक इचारतो. काल माहं ताट वरतं काहून आलं?"

मामाजी मुठीतले पैसे मोजू लागले.

"कुत्रं जेवनाच्या खोलीत नको, म्हनून?"

"हो... तसंच."

"मी तं कुत्र्याले वरतं बसवून एकटाच खाली येनार होतो. भिंत धरून येतो मी, तेवढं जमते मले. पन मले कोनी इचारलंच नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी पलटनीत होतो, मालक. तठी सगये एका भांड्यातलं खात होतो. डोये गेले तठीच. आता मी गावोगाव जाऊन कामं करतो, कोनापुढं हात पसरत नाही. तुमच्या गावात राहाले जागा भेटली नाही तं कचेरीचं काम जाते माह्या हातचं, अन् ते गेलं तं घरी बसून लेकीच्या तोंडाकडं पाहा लागन. तुम्हाले नाही म्हनाचं असन तं माह्या तोंडावर म्हना. मी जातो दुसरीकडं. पन कुत्र्याच्या आडून म्हनू नका. त्यानं बिचाऱ्यानं तुमचं काय केलं?"

मी गल्ल्यामागेच होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दलाल तोंडात कडुनिंबाची काडी धरून जिन्यावर थांबला होता.

मामाजींनी मुठीतले पैसे गल्ल्यावर ठेवले आणि पाटी भिंतीवरून उतरवली. मला हाकही मारली नाही. मागच्या अंगणात जाऊन घासलेटात फडकं बुडवलं आणि मी लिहिलेली शेवटची ओळ स्वतः पुसून काढली. ओला असताना सहज निघाला असता तो रंग आता वाळून घट्ट बसला होता, त्यामुळे त्यांना बराच वेळ घासावं लागलं. मग पाटी जागेवर लावून ते म्हणाले, "पैसे उचला. आता पाटीवर कुत्रा नाही."

तो म्हणाला, "मंग उचलतो."

हे झालं तेव्हा पंगतीचा प्रश्न उरला होता आणि तो मामाजींनी कसा सोडवला ते मला आजही फार मोठं वाटतं. दुपारी उतारू जेवायला आले. पाट मांडले होते; कुत्र्याला वर बसवून, भिंत धरत तोही खाली येऊन एका पाटावर बसला. दोघे-तिघे दारात घुटमळले, कारण आतली बातमी बाहेर पोचली होती. त्या दिवशी मामाजी गल्ला सोडून पंगतीत आले. त्याच्या शेजारचा पाट त्यांनी स्वतःसाठी ओढला आणि बसले. उतारूंच्या आधी मालक पाटावर, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. आचाऱ्याला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. तो भात घेऊन धावत आला. "काकाजी, आधी तुम्हाला वाढू?"

"आधी त्यांना. ते उतारू आहेत."

सासूबाई आतून स्वतः वाढायला आल्या. त्याच्या पानात वरण वाढून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "डाव्या हाताला चटणी आहे, तिखट आहे, जपून." दारात घुटमळणाऱ्यांपैकी एकजण परत गेला. बाकीचे बसले. भूकही लागली असणार.

थोड्या वेळाने दलालाला कंठ फुटला. "काय हो पाव्हणे, एवढी खाट दिली, उशी दिली, तरी तुमचा कुत्रा खालीच झोपला?"

"त्यानं वास घेतला शेटजी. म्हने, ढेकनं हायेत."

"माझ्याकडं ढेकूण नाहीत!" मामाजी जेवताना ओरडले आणि सगळी पंगत हसली. मामाजीसुद्धा, जरा उशिरा. त्या आठवड्यात लॉजमधल्या सगळ्या खाटा उन्हात निघाल्या, हे मात्र खरं.

पुढचे दिवस तो रोज सकाळी कचेरीत जायचा. मला कुतूहल होतं, म्हणून एकदा त्याला कुत्र्याबद्दल विचारलं. युद्धानंतर इस्पितळात असताना एका गोऱ्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की त्यांच्या देशात आंधळ्या सैनिकांना कुत्रे घेऊन चालतात. कसे शिकवतात ते त्या डॉक्टरलाही माहीत नव्हतं. गावी आल्यावर याने आपलं आपण सुरू केलं. पहिल्या कुत्र्याने त्याला सशामागे ओढत कापसाच्या पऱ्हाटीत पाडलं. दुसरा चांगला होता, पण मटणाच्या दुकानापुढून हलेना. हा तिसरा शेजारच्या बंजारा तांड्यावरून आणला. तांड्यावरच्या लोकांचे कुत्रे बैलांच्या बरोबरीने अंतर राखून चालतात, पुढे पळत नाहीत, मागे राहत नाहीत. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला, तेव्हापासूनची ती सवय असेल, असं त्याचं म्हणणं. "मले त्याले एवढंच शिकवा लागलं का बैल मी हाये," तो म्हणाला.

लहानपणी घरी माझ्याकडून भूगोल-इतिहास पाठ करून घेत, पण इतक्या चिकाटीने काही शिकवणारा माणूस मला त्यानंतर फार थोड्या वेळा भेटला. त्याच्या कमानीची वीणही पाहण्यासारखी होती. बोटाला कुठे टोचणार नाही, घामाने सैल होणार नाही. सरळ रस्ता असेल तर ती कमान त्याच्या मुठीत नुसती टेकलेली असायची. पायरी किंवा नाली आली की कुत्रा थांबायचा आणि त्याचं थांबणं कमानीतून हातात यायचं. बाजाराच्या दिवशी मी त्यांना पुसदच्या गर्दीतून जाताना पाहिलं. बैलगाड्या, सायकली, मिरच्यांचे ढीग, मधेच बसलेली गाय. लोक वळून पाहत होते आणि ते दोघे आपले कामावर निघालेले.

कचेरीचं काम पुरं झाल्यावर तो निघाला. दिग्रसला एका शाळेत खुर्च्या विणायच्या होत्या, पण तिथल्या लॉजवाल्याने एकदा त्याला कुत्र्यावरून परत पाठवलं होतं. हे ऐकून मामाजी म्हणाले, "मी येतो." गल्ला सोडून ते सहसा कुठे जात नसत. तरी कोट-टोपी घालून बसमध्ये त्याच्या शेजारी बसले, कुत्रा दोघांच्या पायांशी. संध्याकाळी एकटे परतले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, कुत्रं चालत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, पाटी दाखव."

तेवढंच त्यांनी सांगितलं. त्याला जागा मिळाली होती.

थोरले, तुझ्यापाशी छापलेला नियम होता, त्याच्यापाशी कुत्र्यासाठी असा कुठलाच नियम नव्हता. त्याने समोरच्या माणसाचाच नियम उचलला आणि त्याच्यापुढे धरला. आणि समोरचा माणूसही असा भेटला की आपला नियम त्याला टाकवेना. मी दोघांचंही कौतुक करते. पण जास्त कौतुक त्याचं करते, कारण मामाजींना चुकण्याची सोय होती आणि त्याला नव्हती.

नंतर तो दर साली यायचा. पुढे त्याची लेकही बरोबर येऊ लागली. तिला मॅट्रिकसाठी इंग्रजी कच्चं होतं, ते मी घेतलं. ती शिक्षिका झाली आणि वणीला नोकरी करून निवृत्त झाली. त्या तपकिरी कुत्र्यानंतर त्याने आणखी एक शिकवला, त्याच तांड्यावरचा.

लॉज आता नाही. त्या जागी मोबाइलची दुकानं आहेत आणि मागचा आड बुजवला आहे. मामाजी, सासूबाई, तो पाहुणा, सगळे गेले. त्याच्या लेकीच्या घरचं आणि आमचं जाणं-येणं अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात तिची नात माझी डोळ्यांची औषधं देऊन गेली आणि जेवून गेली.